म्हण झाली, आता कारण सांगा

मुलांनी ठेवलेलं नाव हळूहळू शिक्षकांच्याही तोंडी बसतं, तसं म्हणीबाईंचं झालं होतं. त्या भाषा शिकवायच्या आणि दर दोन वाक्यांमागे एक म्हण टाकायच्या, म्हणून पाचवीच्या कुठल्याशा तुकडीनं त्यांचं बारसं करून टाकलं. पुढे शिपाईसुद्धा "म्हणीबाईंचा तास" असंच म्हणायला लागला. बाईंना त्याचं वाईट वाटत नसे. नाव ठेवतात म्हणजे लक्षात ठेवतात, असं त्या म्हणायच्या.

त्या शनिवारी शाळा सुटल्यावर शिक्षकखोलीत बैठक होती. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, याच वर्षी दुसऱ्या शाळेतून आल्या होत्या. वय चाळिशीच्या अलीकडे, चालणं भरभर, बोलणं त्याहून भरभर. चहा यायच्या आधीच त्यांनी मुद्द्याला हात घातला. सोमवारपासून वर्गात बाकं रांगेत लावायची नाहीत. दोन-दोन बाकं समोरासमोर, सहा-सहा मुलांचा गट. शिक्षकानं थोडं सांगायचं आणि गप्प व्हायचं. मग मुलांनी आपापसांत बोलायचं, आणि शिक्षकानं गटागटांतून फिरत ऐकायचं.

"ऐकायचं" या शब्दाशी म्हणीबाईंचं पेन थांबलं.

मग अशा वेळी नेहमी व्हायचं तेच झालं: सगळ्यांच्या माना बाईंकडे वळल्या. वयानं आणि नोकरीनंही त्याच सगळ्यांत मोठ्या. गणिताच्या सरांनी तर भुवया उडवून खूणच केली, की करा सुरुवात.

"मोठ्या बाई," म्हणीबाई म्हणाल्या, "जुनं ते सोनं म्हणतात, ते काही उगाच नाही."

"अगदी बरोबर!" गणिताचे सर म्हणाले. "आणि नव्याचे नऊ दिवस."

मग बांधच फुटला. चित्रकलेचे सर म्हणाले, अति तिथे माती. विज्ञानाच्या बाई, शिक्षकांत सगळ्यांत लहान, त्या हळूच म्हणाल्या की मुलांना मोकळं सोडलं की ती डोक्यावर मिरे वाटतात. कोणी म्हणालं, आपण नाही का रांगेत बसून शिकलो? काय वाकडं झालं आपलं? मागून कोणीतरी पुटपुटलं, "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग," आणि खसखस पिकली. म्हणीबाईही हसल्या. जरा उशिरा हसल्या, इतरांची तोंडं बघून.

मोठ्या बाईंकडेही त्यांचा साठा होता. थांबला तो संपला, काळाबरोबर चालायला हवं, वगैरे त्यांनीही ऐकवलं. पण मग त्यांना स्वतःचाच कंटाळा आल्यासारखं झालं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणीबाईंकडे सरळ बघून विचारलं, "म्हण झाली, बाई. आता कारण सांगा."

"कारण म्हणजे... आता हत्ती गेला, शेपूट राहिलं. माझी नोकरी संपत आली. या वयात नवे खेळ कशाला?"

"ही पण म्हणच झाली," मोठ्या बाई म्हणाल्या. हसल्या नाहीत.

म्हणीबाईंनी चहाच्या कपात नजर घातली. कारण होतं. पण ते चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं.

दोनेक वर्षांपासून त्यांना पोरांचे आवाज ऐकू येईनासे झाले होते. पुरुषांचे जाड आवाज कळायचे, बायकांचे तोंड बघून, स्वतःचा तर कळायचाच. पण लहान मुलांचे, त्यातून मुलींचे बारीक आवाज पाण्याखालून आल्यासारखे यायचे. सूर कळायचा, शब्द नाही. सुरुवातीला त्यांना वाटलं, हल्लीची पोरंच तोंडातल्या तोंडात बोलतात. मग एकदा स्वयंपाकघरात त्यांना जाणवलं की आपण कुकरच्या शिट्ट्या कानानं नाही, डोळ्यांनी मोजतोय. वाफेचा फवारा उडाला की एक.

वर्गात त्यांनी स्वतःभोवती एक भिंतच बांधून घेतली होती. बोलायचं तर उभं राहून, मान वर करून, बाईंकडे बघून, मोठ्यांदा. एका वेळी एकानंच. प्रश्न बाईच विचारणार, आणि तोही असा की उत्तर पुस्तकात ठरलेलं. अर्धं ओठांवरून कळायचं, अर्धं पाठ होतंच. उरलेलं सगळ्या वर्गाकडून एका सुरात म्हणवून घ्यायचं. पालक म्हणायचे, शिस्त बघावी तर म्हणीबाईंच्या वर्गाची. ती शिस्त नव्हती, ती काठी होती, चाचपडत चालायची. आणि आता मोठ्या बाई म्हणत होत्या, काठी टाका आणि गर्दीत शिरा.

घरी त्यांच्या यजमानांना माहीत होतं. ते निवृत्त होऊन घरीच असत, आणि टीव्हीचा आवाज कोण वाढवतं हे समजायला काही अक्कल लागत नव्हती.

"अगं, एकदा कान दाखवून ये," ते बाईंसमोर येऊन, तोंड दिसेल असे उभे राहून म्हणाले. "डोळ्यांना चष्मा लावलासच ना?"

"चष्मा वेगळा. चष्मा लावला की माणूस हुशार दिसतं."

"आणि कानाला लावलं की?"

बाईंना त्यांची मावशी आठवली. मावशीला ऐकू येत नसे आणि घरातली सगळी पोरं तिच्यासमोर नुसते ओठ हलवून तिची मजा करत. ती काहीतरी भलतंच उत्तर द्यायची आणि घर हसायचं. बाईही त्या हसण्यात असत.

"अहो, आता शेवटी-शेवटी झाकली मूठ सव्वा लाखाची," त्या म्हणाल्या.

"तू म्हण म्हणालीस की मी समजतो," यजमान म्हणाले, "काहीतरी टाळायचं आहे."

शाळेत गणिताच्या सरांनी एक तोड काढली. उघड विरोध करायचा नाही. बाकं रांगेतच ठेवायची, आणि मोठ्या बाई फेरीला निघाल्या की चटकन फिरवायची. ज्याला त्या आधी दिसतील त्यानं भिंतीवर पट्टी आपटायची, म्हणजे शेजारचा वर्ग सावध. "कानामागून आली आणि तिखट झाली," सर मोठ्या बाईंबद्दल म्हणाले. "चार महिन्यांत थंड होईल. काय बाई?"

म्हणीबाईंनी मान डोलावली. हल्ली कान या शब्दाशी त्या दचकायच्या, आणि भाषेत कानाच्या म्हणी किती निघाव्यात याला सुमार नव्हता.

पट्टीची युक्ती बाकी सगळ्यांना सोयीची होती. म्हणीबाईंचा मात्र जीव टांगणीला लागला. त्या दार उघडं ठेवायच्या आणि सबंध तास तिरक्या उभ्या राहून शिकवायच्या, एक डोळा वर्गावर, एक व्हरांड्यावर. घरी गेल्यावर मान अवघडलेली असायची. पोरं पेंगत असली तरी त्यांना दिसत नसे. दोन आठवडे असे निभावले.

मग एका मंगळवारी त्या फळ्यावर लिहीत होत्या, दाराकडे पाठ करून. शेजारून सरांनी पट्टी आपटली, दोनदा, तीनदा. पोरांनी लक्ष दिलं नाही, कारण सरांची पट्टी तशीही सारखी आपटतच असे. बाई लिहून वळल्या तर दारात मोठ्या बाई उभ्या.

रांगेतल्या बाकांकडे त्यांनी एकदा बघितलं. "चला," त्या म्हणाल्या, "आपण मिळून फिरवू." आणि पदर खोचून त्यांनी पहिलं बाक स्वतः धरलं.

बाकं सरकली, पोरं उड्या मारत सामील झाली. मोठ्या बाई मागे खुर्ची घेऊन बसल्या. म्हणीबाईंनी धडा सांगितला, प्रश्न दिला आणि गप्प झाल्या. त्याबरोबर चाळीस तोंडं एकदम सुटली. बाईंच्या कानांत नुसता गरगराट भरला, पिठाच्या गिरणीत उभं राहिल्यासारखा. कोण कुणाशी बोलतंय, हसतंय की भांडतंय, काही कळेना. तरी त्या चेहऱ्यावर हसू ठेवून गटागटांतून फिरू लागल्या. वाकायच्या, मान हलवायच्या, "छान, छान" म्हणायच्या आणि पुढे सरकायच्या. मोठ्या बाई बघताहेत हे त्यांना पाठीवर जाणवत होतं.

भिंतीकडच्या गटातली एक मुलगी उठून त्यांच्याजवळ आली. तिचा आवाज इतका बारीक होता की वर्ग तिला चिमणीच म्हणे. ती मान खाली घालून काहीतरी बोलली. बाईंना तिचे ओठ दिसले नाहीत.

"शाब्बास!" बाई म्हणाल्या. "अगदी बरोबर. बस खाली."

मुलगी गोंधळली. पुन्हा काहीतरी म्हणाली.

"हो, हो. आता तेच गटात सांग. बस बरं जागेवर."

ती बसली. बाई पुढच्या गटाकडे वळल्या. जराशानं मागे काहीतरी बदलल्याचं त्यांना जाणवलं. गरगराट थांबला होता आणि त्याच्या जागी हसू पसरत होतं. त्यांनी वळून पाहिलं. चिमणीच्या बाजूची मुलं पाय वर घेऊन बाकावर चढली होती. बाकाखाली पाणी साचलं होतं, आणि चिमणीचा स्कर्ट भिजलेला होता. ती कुणाकडेही बघत नव्हती. फक्त म्हणीबाईंकडे बघत होती, आणि आता तिचे ओठ बाईंना लख्ख दिसले.

"मी दोनदा विचारलं होतं."

मोठ्या बाईंनीच धावत येऊन तिला बाहेर नेलं.

चिमणी दुसऱ्या दिवशी शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. म्हणीबाई हजेरी घेताना तिचं नाव यायच्या आधीच अडखळू लागल्या. मोठ्या बाईंनी त्यांना खोलीत बोलावून विचारलं, "ती तुमच्या समोर उभी होती. तुम्ही तिला बसवलंत. असं का केलंत?" बाई एवढंच म्हणाल्या, "माझं लक्ष नव्हतं." मोठ्या बाईंचा विश्वास बसला नाही, पण त्यांनी ताणलंही नाही.

शिक्षकखोलीत मात्र वेगळीच हवा होती. गणिताचे सर खुशीत होते.

"बाई, अहो आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन! आता काय हवं? रांगेत बाकं असती तर पोरीनं बोट वर केलं असतं, तुम्हाला दिसलं असतं. हा सगळा त्या गटांच्या गोंधळाचा प्रताप. मी संस्थेच्या चिटणीसांच्या कानावर घातलंय. शुक्रवारी ते स्वतः बैठकीला येताहेत. तुम्ही फक्त एवढं सांगायचं, गोंधळात ऐकू आलं नाही."

"एवढंच?"

"एवढंच. खोटं कुठे आहे त्यात?"

खोटं नव्हतंच. तेच बाईंना छळू लागलं. एक वाक्य बोलायचं, अक्षर न् अक्षर खरं, आणि सगळं पूर्ववत. बाकं रांगेत, मुलं उभं राहून मोठ्यांदा, मोठ्या बाई गप्प, आणि आपण मूठ झाकलेली घेऊन घरी. रात्रभर ते वाक्य त्या मनात घोळवत राहिल्या. जितकं घोळवावं तितकं गुळगुळीत होत गेलं.

गुरुवारी शाळा सुटल्यावर त्या घरी न जाता चिमणीच्या घरी गेल्या. दोन खोल्यांचं घर. आई शिवणकाम करायची; मशीन खिडकीशी, आणि सगळीकडे कापडाच्या चिंध्या. चिमणी जमिनीवर बसून त्या रंगांप्रमाणे वेगळ्या करत होती. बाईंना बघून तिनं मान खाली घातली.

बाई तिच्यासमोर जमिनीवरच बसल्या. गुडघे कुरकुरले.

मुलगी काहीतरी बोलली.

"वर बघून सांग, बाळा," बाई म्हणाल्या. "मला तुझं तोंड दिसू दे."

"तुम्ही माझ्यावर चिडला होतात का?"

"नाही गं. का?"

"सगळे म्हणतात, बाईंनी मुद्दाम केलं. शिक्षा म्हणून."

"नाही. मला ऐकूच आलं नव्हतं."

चिमणीनं कपाळाला आठी घातली. "मग शाब्बास का म्हणालात?"

शिवणयंत्र थांबलं. बाईंच्या जिभेवर एक म्हण आली, मग दुसरी. त्यांनी दोन्ही गिळल्या.

"ऐकू आलं नाही हे कुणाला कळू नये म्हणून," त्या म्हणाल्या.

चिमणीनं यावर विचार केला. "माझ्या आजोबांना पण ऐकू येत नाही," ती शेवटी म्हणाली. "ते नुसतं हूं म्हणतात. शाब्बासपेक्षा हूं बरं."

बाईंना हसू आलं आणि त्याच्यामागोमाग डोळ्यांत पाणी. पण आई हसली नाही. ती दारापर्यंत सोडायला आली तेव्हा म्हणाली, "तुम्ही आलात ते बरं केलंत, बाई. पण वर्गात तिला उद्याही जायचंय. पोरं तिला आता काय म्हणतात, ठाऊक आहे का?" तिनं ते सांगितलं नाही आणि बाईंना विचारायचा धीर झाला नाही.

शुक्रवारच्या बैठकीत चिटणीस मध्यभागी बसले होते, समोर चहा आणि बिस्किटं. मोठ्या बाईंचा चेहरा ओढलेला होता. गणिताच्या सरांनी प्रस्तावना केली, बदलाला आमचा विरोध नाही, पण घाई संकटात नेई, वगैरे. मग म्हणाले, "बाई सांगतील काय झालं ते."

म्हणीबाई उभ्या राहिल्या.

"मुलीनं मला दोनदा विचारलं," त्या म्हणाल्या. "मला ऐकू आलं नाही."

"गोंधळामुळे," सरांनी जोडलं.

"गोंधळ नसता तरी आलं नसतं. मला दोन वर्षं झाली, मुलांचं बोलणं नीट ऐकू येत नाही. मी लपवलं. मोठ्या बाईंनी त्या दिवशी कारण विचारलं होतं. ते हे होतं. बाकीच्यांची कारणं काय असतील ती असोत, माझं हे."

बाईंनी आधी मोठ्या बाईंकडे बघितलं. त्यांना वाटलं होतं तिथे जरा तरी कौतुक असेल. पण मोठ्या बाई संतापल्या होत्या.

"दोन वर्षं?" त्या म्हणाल्या. "वर्गात कुणी पडलं असतं, कुणी ओरडलं असतं तर?"

बाई खाली बसल्या.

"ऐकू येत नव्हतं तर शिकवत कशा होता?" चिटणीसांनी विचारलं. त्यांचा आवाज जाड होता, प्रत्येक शब्द कळला.

"अर्धंच शिकवत होते, साहेब. बोलायचं अर्धं."

चिटणीसांनी डॉक्टरांचा दाखला आणायला सांगितला. बाईंना वर्गावर ठेवायचं की नाही ते सत्र संपताना ठरेल. तोवर गटांचा प्रयोग फक्त बाईंच्या पाचवीत चालू द्या, बाकी वर्ग आहेत तसे. दोन्ही बाजूंचं मन राखणारा निर्णय, म्हणजे कुणाचंच न राखणारा. बाहेर पडताना गणिताचे सर बाईंच्या अंगावरून गेले आणि न बघता म्हणाले, "स्वतःच्या पायावर धोंडा." त्यानंतर ते त्यांच्याशी बोललेच नाहीत. जिन्यात विज्ञानाच्या बाईंनी मात्र त्यांचा हात धरला. "बाई, मलाही... मुलांनी पुस्तकाबाहेरचं काही विचारलं तर मला..." तेवढ्यात वरून पावलं आली, म्हणजे म्हणीबाईंना नाही, पण त्यांना ती ऐकू आली असावीत, कारण त्यांनी हात सोडला आणि त्या निघून गेल्या.

कान तपासले. यजमान सोबत होते. बोटाच्या पेराएवढं यंत्र कानामागे बसलं. ते लावून बाई घरी आल्या तर पंखा, नळ, शेजारची भांडी, स्वतःच्याच चपला, सगळं अंगावर धावून आलं. यजमान काहीतरी म्हणाले आणि बाई ओरडल्या, "अहो, किती मोठ्यानं बोलता!" गेली दोन वर्षं तेही आवाज चढवूनच बोलत होते, हे दोघांच्याही तेव्हाच लक्षात आलं.

त्यानंतरच्या सोमवारी त्या यंत्र लावून वर्गात गेल्या. केसांनी ते झाकलं नाही. मुलांनी टकामका बघितलं, मागच्या बाकावर दोघं कुजबुजले. काय कुजबुजले ते कळलं नाही, पण कुजबुजले एवढं ऐकू आलं, आणि तेही नको होतं. चिमणी आली होती. दुसऱ्या गटात, खिडकीशी बसली होती. बाईंनी तिच्याकडे बघून मान हलवली. तिनं हलवली नाही, वही उघडली.

धडा एका नावाड्याचा होता. पूर आलेला असतो, लोक पैलतीरी न्या म्हणून विनवतात आणि नाव खराब आहे असं सांगून नावाडी ती पाण्यात घालत नाही. नावाडी आळशी होता, असं पुस्तकामागच्या उत्तरात होतं, आणि इतकी वर्षं बाईंनी तेच वदवून घेतलं होतं. बाईंनी प्रश्न दिला आणि वर्ग सुटला. यंत्रातून बाकांचा करकराट, कंपासपेट्यांचा खुळखुळाट आणि चाळीस आवाज एकदम कानात घुसले. डोकं ठणकायला लागलं. ते काढून टेबलावर ठेवावं असं त्यांना फार वाटलं. दारावरून एक सावली गेली, त्यांनी झटकन वळून पाहिलं. शिपाई होता, पुढे निघून गेला.

त्या दाराजवळच्या गटाशी जाऊन थांबल्या.

"आळशी नव्हता काही," एक मुलगा म्हणत होता. "घाबरला होता."

"मग घाबरलोय असं सांगायचं ना! नाव खराब आहे म्हणून कशाला सांगितलं?"

"सांगितलं असतं तर लोक हसले असते."

"बुडण्यापेक्षा हसलेले बरे की!"

तिसरा मध्येच काहीतरी म्हणाला. ते शब्द बाकांच्या आवाजात वाहून गेले. सगळा गट बाईंकडे बघू लागला, म्हणजे त्यानं त्यांनाच काहीतरी विचारलं होतं.

बाईंनी शेजारची रिकामी खुर्ची ओढली आणि बसल्या. "परत विचार," त्या म्हणाल्या. "मला ऐकू आलं नाही."

त्यानं पुन्हा विचारलं. तेवढ्यात मागच्या गटात कुणीतरी टाळ्या पिटल्या.

"अजून एकदा."

मुलगा वैतागला. त्यानं उभं राहून, बाईंच्या कानाशी येऊन विचारलं, "बाई, पूर ओसरल्यावर लोक त्याच्या नावेत परत बसले का?"

हे पुस्तकात कुठेच नव्हतं. बाईंनी आठवून पाहिलं, खरंच नव्हतं.

"मला माहीत नाही रे," त्या म्हणाल्या. "तुम्हाला काय वाटतं?"

आणि सहाही जण एकदम बोलायला लागले.